दहावीची त्रिकोणमिती: तिरकस गुणाकार करून 'सिद्ध' केलं तर सरळ शून्य?

सुमेधा_प
मुलगी दहावीला आहे, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. परवा गणित भाग २ च्या चाचणीचा पेपर घरी आला. त्यातला एक प्रश्न असा (कोनाचं चिन्ह थीटा टाइप करत बसत नाही, सगळीकडे आहे असं समजा):

सिद्ध करा: कॉस / (१ − साइन) = (१ + साइन) / कॉस

लेकीनं पहिल्याच ओळीत तिरकस गुणाकार केला.

कॉस × कॉस = (१ − साइन)(१ + साइन)
कॉस² = १ − साइन²
कॉस² = कॉस²
म्हणून डावी बाजू = उजवी बाजू.

३ पैकी ०. शेजारी बाईंचा लाल शेरा, 'जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं आहे.' लेक पेपर घेऊन माझ्यासमोर उभी, "आई, यातली कुठली ओळ खोटी आहे ते दाखव." एकही खोटी दिसेना, मी काय दाखवणार? नवऱ्याच्या मते बाईंचं बरोबर. सासरे ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत, ते म्हणतात नातीवर अन्याय झाला, मी शाळेत येतो. त्यांना आवरून धरलंय.

तर हे उत्तर खरंच चूक आहे का? आणि असलं तर सरळ शून्य? जाता जाता हेही सांगा की नित्यसमानतेचं (कोन कुठलाही घ्या, दोन्ही बाजू समानच) हे प्रकरण तुमच्या घरी कसं पार पडलं. आमच्याकडे बाकी भूमिती ठीक आहे, पण 'सिद्ध करा' दिसलं की पेन थांबतं. सराव परीक्षा तोंडावर आली आहे.

तिरळा_टॉवर
सासऱ्यांना जाऊ द्या शाळेत. वृत्तांत इथे टाका.

खडू_फळा
दहावीलाच गणित शिकवते, म्हणून लाल शाईच्या बाजूनं थोडं बोलते.

सुमेधाताई, तिची पहिली ओळ पाहा. तिरकस गुणाकार कधी करता येतो? दोन अपूर्णांक समान आहेत हे ठाऊक असेल तेव्हा. इथे ते समान आहेत की नाहीत हाच तर प्रश्न होता. म्हणजे तिनं निकाल आधी मान्य केला आणि मग साक्षीपुरावे तपासले. आम्हाला अपेक्षित असतं ते असं:

डावी बाजू = कॉस / (१ − साइन)
अंशाला आणि छेदाला (१ + साइन) ने गुणू
= कॉस (१ + साइन) / (१ − साइन²)
= कॉस (१ + साइन) / कॉस²
= (१ + साइन) / कॉस
= उजवी बाजू

शून्य मात्र मी दिलं नसतं. १ − साइन² म्हणजे कॉस² हे तिला येतंय, ते योग्य जागी वापरलंय, त्याचा एक गुण माझ्याकडून नक्की. पण वर्गात मी या बाबतीत कडक असते. एकदा ही सवय लागली की पुढच्या गणितात मुलं दोन्ही बाजूंचा वर्ग करतात, त्याच्या पुढच्यात दोन्ही बाजूंना हाताला लागेल त्यानं गुणतात, आणि शेवटी ० = ० लिहून खाली दुहेरी रेघ मारतात. ती दुहेरी रेघ फार आत्मविश्वासानं मारलेली असते.

अर्धा_आणा
खडू_फळा, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत.

तिचं उत्तर खालून वर वाचा. कॉस² = १ − साइन², हे माहीतच आहे. उजवीकडचे अवयव पाडा: कॉस × कॉस = (१ − साइन)(१ + साइन). आता दोन्ही बाजूंना कॉस × (१ − साइन) ने भागा. जे हवं होतं ते समोर आलं. कोन लघुकोन आहे, त्यामुळे कॉसही शून्य नाही आणि १ − साइनही नाही, भागायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

म्हणजे पोरीनं सिद्धता शोधली आहे, फक्त ती ज्या क्रमानं सापडली त्याच क्रमानं उतरवली. गणिती लोक शोधताना हेच करतात. हवं ते मिळालं असं मानून मागे मागे जायचं, ओळखीच्या जागी पोचलं की वळायचं आणि लिहिताना उलट्या क्रमानं लिहायचं. चौथ्या शतकातल्या पॅपस या ग्रीक गणितज्ञानं या दोन टप्प्यांचं वर्णन करून ठेवलंय. "वरील प्रत्येक पायरी उलटता येते, कारण छेद शून्य नाहीत" एवढी एक ओळ तिनं खाली लिहिली असती तर माझ्याकडून ३ पैकी ३. एका ओळीपायी तिन्ही गुण गेले हे पटत नाही.

लिंबूटिंबू
मग −१ = १ हेही सिद्ध. दोन्ही बाजूंचा वर्ग करा, १ = १. डा.बा. = उ.बा. पेढे वाटा.

अर्धा_आणा
लिंबूटिंबू, गंमत केलीत, पण मुद्दा नेमका तोच आहे. शून्य नसलेल्या संख्येनं गुणलं तर परत येता येतं. वर्ग केला की परतीची वाट बंद, कारण चिन्ह पुसलं जातं.

याचं उदाहरण गाइडांमध्येच असतं (सेक म्हणजे १ / कॉस, टॅन म्हणजे साइन / कॉस):

√[(१ − साइन) / (१ + साइन)] = सेक − टॅन

वर्ग करून पाहा, सुरेख जुळतं. आता कोन १२०° घ्या. डावीकडे साधारण ०.२७. उजवीकडे सेक उणे २, टॅन उणे १.७३, वजाबाकी उणे ०.२७. म्हणजे समान नाहीत! दहावीत सगळे कोन लघुकोन, तिथे सेक टॅनपेक्षा नेहमी मोठा, म्हणून निभावतं.

खडू_फळा
अहो, मी दुसरं काय म्हणतेय? कुठली पायरी उलटते आणि कुठली नाही, हे पंधरा वर्षांच्या मुलानं परीक्षेच्या हॉलमध्ये ठरवायचं? त्यापेक्षा एका बाजूनं निघा आणि दुसऱ्या बाजूला पोचा. अपघाताला वावच नाही.

अर्धा_आणा
हो, त्यानंच ठरवायचं. त्या अख्ख्या प्रकरणात शिकण्यासारखं तेवढंच तर आहे. पुढे आयुष्यात कोसेक कोण विचारतो?

फेज_टू_फेज
कोसेकचं माहीत नाही, पण साइनला रोज विचारणारे आम्ही वीजवाले आहोत.

घरात २३० व्होल्ट येतात. दोन फेजच्या (वीज आणणाऱ्या दोन तारांच्या) मध्ये मीटर लावा, साधारण ४०० दाखवेल. दुप्पट म्हणजे ४६० का नाही? कारण तीन फेज एकमेकांपासून १२०° वर आहेत, दोघांतला फरक काढला की २३० × २ × साइन ६०° येतो, म्हणजे २३० × १.७३२, म्हणजे ३९८. आणि तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, करंट वाहत नाही, कारण

साइन अ + साइन (अ − १२०°) + साइन (अ + १२०°) = ०

अ काहीही असो. हे 'काहीही असो' फार महत्त्वाचं. आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनं होतात, कोन सतत फिरतोय. एखाद्याच कोनाला शून्य येऊन काय कामाचं? समीकरण म्हणजे एखाद्या कोनाला खरं, नित्यसमानता म्हणजे प्रत्येक कोनाला खरी. हा फरक मला डिप्लोमाला गेल्यावर कळला, शाळेत दोन्हींत बरोबरचं चिन्ह असतं एवढंच दिसायचं.

तिरळा_टॉवर
आमच्याकडे गेल्या महिन्यात टीव्ही जळला तो कुठल्या नित्यसमानतेनं?

फेज_टू_फेज
न्यूट्रल तुटला असणार. भार सारखे नसताना न्यूट्रल गेला की एका घराला व्होल्टेज भलतंच चढतं, दुसऱ्याचे दिवे मिणमिणतात. वायरमनला बोलवा. धागा भरकटतोय.

पाटीपेन्सिल
धाग्यावर परत येते. माझा मुलगा मागच्या वर्षी यातून गेला, तो अनुभव.

क्लासच्या सरावपत्रिकेत आलं होतं: सिद्ध करा, टॅन + कॉट = सेक + कोसेक (कॉट म्हणजे १ / टॅन, कोसेक म्हणजे १ / साइन). पोरगं संध्याकाळी बसलं ते जेवायला उठेना. खोडरबराचा चुरा, फाडलेली पानं, "मला गणितच येत नाही" इथपर्यंत मजल गेली. शेवटी माझ्या भावानं फोनवर सांगितलं, आधी ३०° टाकून बघ. टॅन ३०° ०.५८, कॉट १.७३, बेरीज २.३१. सेक १.१५, कोसेक २, बेरीज ३.१५. म्हणजे प्रश्नच चुकलेला! मध्ये गुणाकाराचं चिन्ह हवं होतं, १.१५५ × २ केलं की बरोब्बर २.३१. मग तेच गणित त्यानं तीन ओळींत केलं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: अर्ध्या पानात सुटलं नाही तर ३०° टाकायचं. जुळलं तर चूक आपल्या आकडेमोडीत, नाही जुळलं तर छापणाऱ्याची.

अर्धा_आणा
झकास नियम. फक्त ४५° टाकू नका. तिथे साइन आणि कॉस सारखे, टॅन १, कॉट १, त्यामुळे कितीतरी खोट्या गोष्टीही जुळून येतात. आणि ३०° ला जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, हे सांगायला नकोच.

लिंबूटिंबू
सांगायला हवं. मी बोर्डाच्या पेपरात ३०°, ४५°, ६०° असं तिन्हींना पडताळून 'अशा प्रकारे सिद्ध होते' असं लिहून आलो होतो.

पाटीपेन्सिल
आणि?

लिंबूटिंबू
आणि आज मी मार्केटिंगमध्ये आहे.

वैदर्भीय_ठेचा
राजेहो, काऊन एवढं टेन्शन घेऊन राह्यले? आमच्या नागपुरात एकच मंत्र. वरच्या ओळीत 'पंडित बद्री प्रसाद', खालच्या ओळीत 'हर हर बोले'. पंडित म्हणजे पर्पेंडिक्युलर, बद्री म्हणजे बेस, हर म्हणजे हायपोटेन्युज. पंडित बाय हर साइन, बद्री बाय हर कॉस, प्रसाद बाय बोले टॅन. मराठी मीडियमवाल्यायले संमुख बाजू, लगतची बाजू, कर्ण करत बसा लागते, आम्ही पंडितजीच्या भरोशावर पास झालो न बावा.

पाटीपेन्सिल
पंडितजी आमच्याकडेही पाठ आहेत. गुणोत्तरं येतात, ३० आणि ६० चा तक्ता येतो, तरी सिद्धता येत नाही, हेच तर दुखणं आहे ना ठेचासाहेब.

बाराखडी
कारण क्लासवाले सिद्धता शिकवतच नाहीत, 'टाइप' शिकवतात. हा संयुग्मीनं (१ − साइन असेल तर १ + साइननं) गुणायचा टाइप, हा १ च्या जागी सेक² − टॅन² लिहायचा टाइप, हा घनाच्या सूत्राचा टाइप. मुलगा प्रश्न वाचत नाही, टाइप ओळखतो. ओळखला तर पाच ओळी, नाही ओळखला तर कोरं पान. भाचीला मी विचारलं की इथे १ + साइननंच का गुणलंस, तर म्हणाली, "सरांनी स्टार केलंय."

न्यूजर्सीची_वहिनी
इथे अमेरिकेत हायस्कूलला प्रीकॅल्क्युलसमध्ये हाच छळ असतो, आणि बाईंसारखेच कडक लोक इथेही आहेत. माझ्या मुलाच्या शिक्षकांनी दोन बाजूंच्या मध्ये उभी रेघ मारायला लावली. रेघ ओलांडून काहीही पलीकडे न्यायचं नाही, गुणायचं नाही, वजा करायचं नाही. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. मुलगा वैतागला होता, पण त्याची वही मात्र त्या रेघेनं सुधारली. तो दोन्हीकडून थोडं थोडं खाली उतरायचा आणि तळाला दोन्हीकडे एकच राशी आली की चौकोन करायचा. आपल्याकडे हे चालतं का?

खडू_फळा
चालतं की! दोन्ही बाजू स्वतंत्रपणे सोप्या करून एकाच राशीला आणल्या तर पूर्ण गुण. काही ठिकाणी तर तोच सरळ मार्ग आहे. उदाहरणार्थ,

(सेक − कॉस)(कोसेक − साइन) = १ / (टॅन + कॉट)

डावीकडे पहिला कंस साइन² / कॉस, दुसरा कॉस² / साइन, गुणाकार साइन × कॉस. उजवीकडे टॅन + कॉट म्हणजे १ / (साइन × कॉस), उलटं केलं की साइन × कॉस. संपलं.

यावरून सुमेधाताईंच्या लेकीसाठी एक सांगते. परीक्षेत तिरकस गुणाकाराचा मोह झाला तर तो कच्च्या कामाच्या जागेत करावा. तिथे १ − साइन² दिसलं की कळतं, आपल्याला (१ + साइन) ची गरज आहे. मग मुख्य जागी डाव्या बाजूपासून लिहायला घ्यावं.

मिश्किल_मावशी
आमच्याकडे डाव्या बाजूनं खाली आणि उजव्या बाजूनं वर असं दोन्हीकडून लिहीत यायचे आणि मध्ये जिथे जुळत नाही तिथे अक्षर बारीक करायचे. तपासणाऱ्याला वाटायचं दिसत नाहीये.

खडू_फळा
मावशी, दिसतं. नेमकं तिथेच आधी बघतो.

रानवाटा
सगळं साइन-कॉसमध्ये बदलायचं, मग जुळतंच. मी पूर्ण प्रकरण या एका नियमावर काढलं.

अर्धा_आणा
निघतं, पण कधी कधी पानभर. सेक⁴ − टॅन⁴ = १ + २ टॅन² घ्या. साइन-कॉसच्या वाटेनं गेलात तर छेदात कॉस⁴ येऊन बसेल. वर्गांच्या वजाबाकीसारखं पाहिलं तर (सेक² − टॅन²)(सेक² + टॅन²), पहिला कंस १, दुसऱ्यात सेक² च्या जागी १ + टॅन², झालं.

आणि हे दुसरं, बऱ्याच मुलांना रडवणारं:

टॅन / (१ − कॉट) + कॉट / (१ − टॅन) = १ + सेक × कोसेक

इथे टॅनला नुसतं ट म्हणा आणि कॉटला १/ट. डावी बाजू होते (ट³ − १) / [ट(ट − १)]. आठवी-नववीतलं घनाचं सूत्र लावा, (ट − १) गेला, उरलं ट + १ + १/ट. म्हणजे १ + टॅन + कॉट, आणि टॅन + कॉट म्हणजे सेक × कोसेक, जे वर पाटीपेन्सिल यांच्या मुलानं केलंय. यात त्रिकोणमिती शेवटच्या ओळीपुरतीच, बाकी सगळं बीजगणित. ज्या मुलांचं पेन थांबतं त्यांचे अवयव पाडणं कच्चं राहिलेलं असतं, त्रिकोणमितीला उगाच शिव्या बसतात.

सुमेधा_प
हे अगदी पटलं. काल तिला ट³ − १ चे अवयव विचारले तर (ट − १)³ म्हणाली. रोग सापडला.

चाळीसगावकर_अण्णा
सिद्धता आणि पाठांतर यांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या गावाकडची गोष्ट सांगतो.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाऊन आला असाल. तिथे एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्यातल्या ज्योत्पत्ती या भागात दोन कोनांच्या बेरजेची 'ज्या' (म्हणजे साइन) कशी काढायची ते सांगितलंय. आज अकरावीला साइन (अ + ब) चं जे सूत्र घोकतात तेच, फक्त श्लोकात. गंमत अशी की श्लोकात नियम येतो, तो कसा आला ते येत नाही. ते पुढे टीकाकारांनी आणि गुरुजींनी समजावायचं. केरळात ज्येष्ठदेवानं सोळाव्या शतकात मल्याळममध्ये 'युक्तिभाषा' लिहिली, तिच्यात मात्र उपपत्ती, म्हणजे सिद्धता, पायरी पायरीनं दिल्या आहेत.

म्हणजे सूत्र पाठ करणारे आणि पायऱ्या मागणारे, दोन्ही पंथ आपल्याकडे जुने आहेत.

लिंबूटिंबू
भास्कराचार्यांना ३ पैकी किती?

खडू_फळा
उत्तर बरोबर, पायऱ्या दाखवल्या नाहीत. १.

बाराखडी
अरेरे. सासऱ्यांना आता पाटणादेवीलाही पाठवावं लागणार.

अर्धा_आणा
'तेच गृहीत धरलंत' या आरोपाचा एक भारी किस्सा राहिलाच.

साइन² + कॉस² = १ हे येतं पायथागोरसच्या प्रमेयातून. म्हणून त्रिकोणमिती वापरून पायथागोरस सिद्ध करायला गेलात तर फिरून तिथेच येता, असा समज दीर्घकाळ होता. एलिशा लूमिस नावाच्या अमेरिकन शिक्षकानं या प्रमेयाच्या साडेतीनशेहून जास्त सिद्धता गोळा केल्या आणि त्रिकोणमितीची सिद्धता असूच शकत नाही असं लिहून ठेवलं. २००९ मध्ये जेसन झिंबा यांनी चक्रात न अडकणारी सिद्धता दिली. आणि मार्च २०२३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या दोन शाळकरी मुली, कॅल्शिया जॉन्सन आणि नेकिया जॅक्सन, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत आपली सिद्धता घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी साइनचा नियम (त्रिकोणाची बाजू आणि तिच्या समोरच्या कोनाचा साइन यांचं गुणोत्तर तिन्ही बाजूंना सारखं) वापरला, तो पायथागोरसशिवाय मिळतो. २०२४ मध्ये त्यांचा लेख 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त आला, त्यात आणखीही सिद्धता होत्या.

तेव्हा 'तू चक्रात फिरते आहेस' असं मुलीला सांगताना, चक्र नेमकं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावं. नुसता शेरा मारून भागत नाही.

न्यूजर्सीची_वहिनी
बातमी आली तेव्हा मुलानं हीच मला दाखवली होती. वर म्हणाला, बघ, त्यांना कुणी उभी रेघ मारायला लावली नाही.

कंपासपेटी
सगळा धागा वाचला. दोन्ही पक्ष बीजगणितावर भांडताहेत आणि पेपर मात्र भूमितीचा आहे! सुमेधाताईंचं मूळ गणित चित्रातून पाहू.

१ त्रिज्येचं वर्तुळ काढा, केंद्र म. त्यात उभा व्यास काढा, वरचं टोक प, खालचं फ. केंद्रातून आडवी रेषा काढून तिच्याशी थीटा कोन करणारी त्रिज्या काढा, ती वर्तुळाला क मध्ये मिळते. आता क पासून उभ्या व्यासावर लंब टाका, पाय ल. क ल ची लांबी कॉस. म ल ची लांबी साइन. म्हणून प ल = १ − साइन, आणि फ ल = १ + साइन.

क पासून प आणि फ ला रेषा जोडा. अर्धवर्तुळातला कोन, म्हणजे कोन प क फ काटकोन, हे वर्तुळाच्या प्रकरणात झालंय. काटकोन त्रिकोणात कर्णावर टाकलेला लंब दोन समरूप त्रिकोण करतो, हे पायथागोरसच्या प्रकरणात झालंय. त्या दोन त्रिकोणांच्या बाजूंचं प्रमाण लिहा:

क ल / प ल = फ ल / क ल

म्हणजेच कॉस / (१ − साइन) = (१ + साइन) / कॉस.

हेच तर सिद्ध करायचं होतं, आणि ते अपूर्णांकांच्या रूपातच मिळालं. मग तुमच्या लेकीचा तिरकस गुणाकार म्हणजे काय? क ल² = प ल × फ ल, म्हणजे भूमितीमध्याचं प्रमेय! तिनं नकळत त्याच चित्राचं बीजगणित लिहिलंय.

खडू_फळा
वा! हे उद्या फळ्यावर. नित्यसमानता शिकवताना मी वर्तुळ कधी काढलं नव्हतं, यंदापासून काढणार.

अर्धा_आणा
साष्टांग नमस्कार, कंपासपेटी.

उंटावरचा_शहाणा
सगळं छान, पण एक किडा. २७०° ला साइन −१, कॉस ०. डावी बाजू ० / २ म्हणजे ०. उजवी बाजू ० / ०. एक बाजू अस्तित्वात आहे, दुसरी नाही. मग याला नित्यसमानता म्हणायचं का?

खडू_फळा
दोन्ही बाजू जिथे अर्थपूर्ण आहेत तिथे म्हणायचं. आणि दहावीच्या पेपरात २७०° येत नाही हो शहाणे, तो किडा अकरावीत सोडा.

उंटावरचा_शहाणा
सोडला. पण खडूताई, तुमच्या 'अपघाताला वावच नाही' पद्धतीतही (१ + साइन) ने वर-खाली गुणताना ते शून्य नाही हे गृहीतच धरलंय. तुम्हीही लिहिलं नाहीत. तुम्हाला किती देऊ?

तिरळा_टॉवर
पॉपकॉर्न कुणी आणलंय का?

सुमेधा_प
सर्वांचे आभार. काल पालकसभा होती, बाईंशी बोलणं झालं. (सासरे घरी होते. रिक्षाचा आवाज येताच चपला घालून तयार होते, पण थोपवलं.)

गुण वाढणार नाहीत, चाचणीचे गुण नोंदले गेलेत, असं बाई म्हणाल्या. मी अर्धा_आणा यांची खालून वर लिहिलेली सिद्धता दाखवली. त्यांनी ती नीट वाचली आणि म्हणाल्या, अशी लिहिली तर पूर्ण गुण देईन, पण 'भागायला हरकत नाही' याचं कारण लिहायला हवं. शून्य का, यावर म्हणाल्या की वर्गात जवळपास निम्म्यांनी तिरकस गुणाकार केला होता आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे काहीतरी खोटं लिहून जुळवलं होतं. सगळ्यांना सारखा न्याय म्हणून सगळ्यांना शून्य. हे काही मला पटलेलं नाही, तसं त्यांना सांगितलंही.

कंपासपेटींचं चित्र लेकीला दाखवलं. तिनं कंपास घेऊन ते पुन्हा काढलं, वर ल च्या जागी स्वतःची अक्षरं घातली. मग विचारते, सेक + टॅन = कॉस / (१ − साइन) हेही याच चित्रात असेल ना? कुठे? मला सापडलेलं नाही.

कंपासपेटी
असणारच, कारण (१ + साइन) / कॉस म्हणजेच सेक + टॅन. क पाशी वर्तुळाला स्पर्शिका काढा आणि उभ्या-आडव्या रेषांना कुठे मिळते ते पाहायला सांगा. टॅन आणि सेक दोन्ही तिथे लांबी म्हणून दिसतील. पुढचं मी सांगत नाही, तिला करू दे. अडलं तर सासऱ्यांना विचारा, ओव्हरसियर माणसाला स्पर्शिका येते.

सुमेधा_प
विचारलं. त्यांनी मोठा कागद मागितलाय.